गुडघ्यांतील दोर आणि त्याची खुंटी

नांदेड व लातूर हे जिल्हे मल्लविद्येचे आणि मैदानी खेळांचे जुने चाहते आहेत. लोहा तालुक्यांतील माळेगांवच्या यात्रेंत खंडोबाच्या दर्शनाबरोबरच कुस्त्यांच्या फडाचीही लोकांस ओढ असते. आणि निलंगा तालुक्यांतील रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार यांनीं १९६९ सालीं 'महाराष्ट्र केसरी' व १९७२ सालीं 'रुस्तुम-ए-हिंद' हे किताब मिळविले, ही गोष्ट तालमींतून अभिमानानें सांगितली जाते. शाळांच्या पटांगणांवर आतां मुलांच्या बरोबरीनें मुलीही कबड्डी व खोखो खेळतात, ही मोठ्या आनंदाची गोष्ट होय. परंतु जेथें खेळ आहे तेथें इजाही आहे. त्यांतील एक इजा अशी आहे कीं, ती खेळाडूचें सबंध वर्ष हिरावून नेते, आणि तिच्याकडे दुर्लक्ष झाल्यास जन्मभर अधूपणा मागें ठेवून जाते. ती म्हणजे गुडघ्याच्या पोटांतील बंध तुटणें ही होय. हा बंध नवा कसा घालतात, आणि तो घालतांना शस्त्रवैद्याच्या कौशल्याची खरी कसोटी कोठें लागते, हें विद्यार्थिमित्रांस व त्यांच्या पालकांस समजावून देण्याचा या लेखाचा हेतु आहे.

गुडघ्याची रचना

गुडघा बिजागरीसारखा दिसतो, पण तो निव्वळ बिजागरी नव्हे. दाराची बिजागरी एकाच आंसाभोंवतीं फिरते. गुडघ्यांत मांडीच्या हाडाचीं दोन गोलसर टोकें नडगीच्या जवळजवळ सपाट माथ्यावर टेकलेलीं असतात. तीं त्या माथ्यावर घरंगळतात, घसरतात आणि थोडीशीं वळतातही. दोन नारळ एका पाटावर ठेवावे, तशी ही स्थिति आहे. मग ते नारळ पाटावरून निसटून कां जात नाहींत? याचें उत्तर 'बंध' हें होय. बंध म्हणजे एका हाडास दुसऱ्या हाडाशीं जखडून ठेवणारा चिवट, पांढऱ्या तंतूंचा पट्टा. बोलण्यांत यासच लिगामेंट म्हणतात. गुडघ्याच्या आंतल्या व बाहेरच्या अंगास एकेक बंध असतो, आणि अगदीं मध्यभागीं दोन बंध एकमेकांस फुलीसारखे ओलांडून जातात. त्यांपैकीं पुढचा जो, तो नडगीच्या माथ्यावरून निघून वर, मागें आणि बाहेरच्या अंगास तिरपा जातो व मांडीच्या हाडाच्या बाहेरील गोलाच्या आंतल्या भिंतीस जडतो. इंग्रजी आद्याक्षरांवरून डॉक्टर त्यास एसीएल म्हणतात. आपण त्यास पुढचा फुलीबंध म्हणूं.

हा बंध फार मोठा नाहीं. त्याची लांबी सुमारें ३२ मिलिमीटर, आणि जाडी करंगळीएवढी. तरीपण तरुण माणसाच्या या बंधास तोडण्यास सुमारें २२० किलो वजनाइतका ताण लागतो, असें प्रयोगांतीं आढळलें आहे. त्याचीं कामें दोन. नडगीस मांडीच्या हाडाखालून पुढें सरकूं न देणें हें पहिलें. आणि पाय जमिनींत रोवलेला असतां गुडघ्याची पिळवट रोखणें हें दुसरें. त्याच्या तंतूंचे दोन जुडगे असतात. गुडघा वांकला असतां एक जुडगा अधिक ताणला जातो, आणि गुडघा सरळ असतां दुसरा. म्हणजे दोघे आळीपाळीनें भार वाहतात. या दोन हाडांच्या मध्यें कूर्चेच्या दोन चंद्रकोरीसारख्या गाद्या असतात. उडी मारतांना बसणारा हिसका त्या सोसतात. बंध तुटला म्हणजे पुढें या गाद्यांवरच संकट येतें, म्हणून त्यांचें नांव येथें लक्षांत ठेवावें.

बंध कसा तुटतो

खोखोमध्यें खांबास धरून वळतांना पाय तेथेंच राहतो आणि अंग फिरतें. कबड्डींत चढाई करणारा गडी निसटण्यासाठीं एकाएकीं दिशा बदलतो. कुस्तींत पाय रोवलेला असतां प्रतिस्पर्धी धड दुसरीकडे फिरवितो. या सर्व प्रसंगीं गुडघ्यास पीळ बसतो, आणि तो पीळ बंधाच्या शक्तीपलीकडे गेला कीं बंध तुटतो. पुष्कळ वेळां कोणाचा धक्काही लागलेला नसतो. आंतून 'कट्' असा आवाज झाल्याचें खेळाडू सांगतो, आणि थोड्याच तासांत गुडघा टम्म सुजतो. कारण बंधांतील सूक्ष्म रक्तवाहिन्या फुटून सांध्यांत रक्त सांठतें. समान खेळ खेळणाऱ्या मुलांपेक्षां मुलींस ही इजा अधिक वेळां होते, हेंही ठिकठिकाणच्या पाहण्यांत दिसून आलें आहे.

यापुढें आपल्याकडे बहुधा काय घडतें, तें सर्वांस ठाऊक आहे. तेल चोळतात, लेप घालतात, कोणी गुडघा ओढून बसवितो. दोन-तीन आठवड्यांत सूज उतरते, मुलगा चालूं लागतो, आणि घरची मंडळी 'बरें झालें' म्हणून सुटकेचा श्वास टाकतात. पण बंध सांधलेला नसतो. कातडीस जखम झाली तर रक्ताची गुठळी दोन कडांमध्यें पूल बांधते व त्या पुलावरून नवें मांस भरतें. फुलीबंध सांध्यांतील पातळ द्रवांत असल्यामुळें तशी गुठळी तेथें टिकत नाहीं, आणि तुटलेलीं टोकें एकमेकांपासून दूरच राहतात. असा मुलगा सरळ रेषेंत धांवूं शकतो. पण वळतांना गुडघा एकदम 'सुटतो'. प्रत्येक वेळीं गुडघा सुटला कीं हाडांच्या मध्यें गादी चिरडली जाते. गादी फाटली कीं हाडांच्या टोंकांवरील गुळगुळीत कूर्चा झिजूं लागते, आणि विशी-पंचविशींतल्या तरुणास म्हाताऱ्याचा गुडघा मिळतो. तेव्हां सूज उतरणें म्हणजे बरें होणें नव्हे, हें पालकांनीं पक्कें ध्यानांत धरावें. जाणता डॉक्टर गुडघा किंचित् वांकवून, एका हातानें मांडी धरून दुसऱ्या हातानें नडगी पुढें ओढून पाहतो. बंध शाबूत असेल तर ओढ एका ठिकाणीं ठणकन् अडते. तुटला असेल तर ती अडत नाहीं. पुढें एम.आर.आय. चित्रानें गाद्यांचीही स्थिति कळते.

कलमाची कल्पना

तुटलेला बंध शिवून टाकावा, ही कल्पना प्रथम सुचणें साहजिक होतें. १८९५ सालीं इंग्लंडांतील लीड्स शहरीं मेयो रॉबसन या शस्त्रवैद्यानें खाणींत काम करणाऱ्या एका मजुराचे फुलीबंध टांके घालून शिवले. परंतु असे शिवलेले बंध पुष्कळांच्या बाबतींत टिकले नाहींत. १९१७ सालीं, पहिल्या महायुद्धाच्या धुमश्चक्रींत, ब्रिस्टल येथील अर्नेस्ट हे ग्रोव्ह्‌ज यानें निराळी युक्ति योजली. तुटकी दोरी जोडण्याऐवजीं त्यानें रोग्याच्याच मांडीवरील चिवट आवरणाची पट्टी घेतली, हाडांतून बोगदे पाडले, आणि ती पट्टी त्या बोगद्यांतून ओंवून नवा बंध तयार केला. आजची शस्त्रक्रिया याच विचारावर उभी आहे.

शरीराचा एक भाग काढून दुसरीकडे रुजविण्याचा विचार महाराष्ट्रास नवा नव्हता. १७९४ सालीं लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन' या मासिकांत पुण्याची एक हकीकत छापून आली. इंग्रजी फौजेबरोबर बैल हांकणाऱ्या कावसजी नांवाच्या माणसाचें नाक टिपूच्या लोकांनीं कापलें होतें. एका देशी कारागिरानें त्याच्या कपाळाचें कातडें खालीं वळवून तें नवें करून दिलें. मात्र दोन्ही कलमांत एक महत्त्वाचा भेद आहे. नाकासाठीं वळविलेल्या कातड्याचा एक देंठ कपाळाशीं जोडलेलाच ठेवीत, म्हणून त्यास रक्त मिळत राही. गुडघ्याच्या कलमाचा असा कोणताच देंठ उरत नाहीं. तें मूळ ठिकाणापासून पूर्णपणें तुटलेलें असतें, आणि त्यास नव्या जागीं रक्त मिळेपर्यंत वाट पाहावी लागते. या भेदाचें फळ आपणांस पुढें दिसेल.

दोर कोठून आणावा

कलमासाठीं सामान्यतः रोग्याच्याच अंगांतील कंडरा घेतात. कंडरा म्हणजे स्नायूस हाडाशीं जोडणारी दोरी. मांडीच्या मागच्या बाजूच्या दोन लांब कंडरा काढून त्यांची चौपदरी घडी करणें, ही एक प्रचलित रीत. गुडघ्याच्या वाटीखालील जाड कंडरेची मधली सुमारें दहा मिलिमीटर रुंदीची पट्टी, दोन्ही टोकांस हाडाचे तुकडे राखून घेणें, ही दुसरी. वाटीच्या वरची कंडरा, किंवा घोट्याच्या बाहेरच्या अंगाची कंडरा, यांचाही उपयोग करतात. प्रत्येकीचे गुणदोष आहेत. वाटीखालच्या पट्टीचीं हाडाचीं टोकें बोगद्यांत लवकर सांधतात, पण पुढें गुडघे टेकतांना तेथें दुखण्याचा संभव असतो. ज्यास मॅटवर गुडघ्यांवर उतरावें लागतें, त्या मल्लानें याचा विचार करावा. मांडीमागील कंडरा काढल्यास ती वेदना कमी, पण ज्या स्नायूंच्या त्या कंडरा, त्यांची शक्ति कांहीं काळ उणी पडते.

बळाचा प्रश्न मात्र सहसा उरत नाहीं. वाटीखालील दहा मिलिमीटरची पट्टी सुमारें ३०० किलोचा, आणि चौपदरी कंडरा सुमारें ४०० किलोचा ताण सोसते, असें प्रयोगशाळेंत आढळलें आहे. मूळ बंधाचें बळ २२० किलो. म्हणजे नवा दोर पहिल्या दिवशीं जुन्याहून बळकटच असतो. कलमाची जाडी आठ मिलिमीटरहून कमी भरूं नये, एवढें पथ्य वैद्य पाळतात. आतां प्रश्न असा कीं, दोर इतका बळकट असूनही कांहीं गुडघे पुनः सैल कां होतात? त्याचें एक मोठें कारण दोरांत नसून खुंटींत असतें.

खुंटी कोठें मारावी

एक सोपा प्रयोग करून पाहा. उघड्या दाराच्या फळीच्या वरच्या कडेस, मध्यावर एक टांचणी लावा. चौकटीवर, अगदीं बिजागरीच्या आंसाजवळ, दुसरी टांचणी लावा, आणि दोहोंमध्यें सुताचा धागा ताणून बांधा. आतां दार उघडा, झांका. धागा ना ताणतो, ना ढिला पडतो. मग चौकटीवरील टांचणी बिजागरीपासून चार बोटें दूर न्या आणि पुनः तसेंच करा. आतां दाराच्या एका स्थितींत धागा लोंबतो, आणि दुसऱ्या स्थितींत इतका ताणतो कीं, एक तर दार अडतें, नाहीं तर धागा तुटतो. धागा तोच, दार तेंच; बदलली ती केवळ टांचणीची जागा.

गुडघ्यांत मांडीच्या हाडावरील खुंटी ही बिजागरीजवळची टांचणी होय. कारण गुडघा ज्या आंसाभोंवतीं वांकतो, तो आंस तिच्याजवळूनच जातो. म्हणून तेथें थोड्या मिलिमीटरांचा फरक झाला, तरी दोराचा ताण पालटतो. ही खुंटी फार पुढें गेली, तर गुडघा वांकवितांना कलम ताणलें जातें. मग एक तर मांडी घालून बसतां येत नाहीं, किंवा सरावानें जबरदस्तीनें वांकविलेल्या गुडघ्यांत कलम हळूहळू सैल पडतें. ती फार मागें गेली, तर पाय सरळ असतां कलम ताठ आणि वांकला असतां ढिलें, अशी उलट अवस्था होते. नडगीवरील खुंटीचेंही असेंच आहे. ती फार पुढें असली, तर पाय सरळ करतांना कलम वरच्या हाडाच्या कमानीस घासतें, पाय पुरता सरळ होत नाहीं, आणि कलम झिजतें. ती फार मागें असली, तर कलम उभें बसतें.

कलम उभें बसण्यांत काय बिघडलें, असें कोणी विचारील. राहुटीचे दोर पाहा. ते खांबापासून दूर, तिरपे ताणून खुंट्यांस बांधतात, म्हणून वारा आला तरी राहुटी डुलत नाहीं. तेच दोर खांबाला लागून उभे बांधले, तर ते कितीही जाड असोत, राहुटी वाऱ्याबरोबर फिरते. गुडघ्यांतील उभ्या कलमानें नडगीचें पुढें सरकणें कांहींसें थांबतें. म्हणून तपासणीच्या टेबलावर गुडघा चांगला वाटतो. पण मैदानावर पाय रोवून वळतांच पीळ रोखला जात नाहीं, आणि खेळाडू म्हणतो, 'गुडघा अजून सुटतो.'

हा धडा वैद्यकास अनुभवानें मिळाला आहे. दुर्बिणीनें ही शस्त्रक्रिया करण्याची रीत १९८० नंतर रूढ होत गेली. प्रारंभीं पुष्कळ वैद्य नडगींत पाडलेल्या बोगद्यांतूनच गिरमिट सरळ वर नेऊन मांडीच्या हाडांतील बोगदा पाडीत. काम झटपट होई, पण गिरमिटाची दिशा नडगीच्या बोगद्यानें बांधलेली असल्यामुळें वरची खुंटी बहुधा नैसर्गिक जागेपेक्षां उंच लागे, आणि कलम उभें बसे. सांध्यांतील कमानीस घड्याळाची तबकडी मानून वैद्य जागा सांगत. उजव्या गुडघ्यांत पूर्वीं 'अकरा वाजतां' खुंटी मारीत. पुढें ती खालीं, दहा किंवा साडेनऊच्या सुमारास मारणें योग्य ठरलें. अमेरिकेंतील पिट्सबर्गचे डॉ. फ्रेडी फू (१९५०–२०२१) यांनीं याबाबत विशेष आग्रह धरला. त्यांचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, तबकडीवर विसंबून न राहतां जुन्या बंधाचा हाडावरील ठसा शोधावा, आणि निसर्गानें खुंटी जेथें मारली होती, तेथेंच ती पुनः मारावी. माणसांची उंची, हाडें, कमानीची रुंदी निरनिराळी असते. एकाच्या गुडघ्याचें माप दुसऱ्यास लागूं पडत नाहीं. आजचा चांगला वैद्य जुन्या बंधाचे उरलेले खुंट सरसकट खरवडून टाकीत नाहीं. ते त्यास वाट दाखवितात.

शस्त्रक्रियेचा क्रम

रोग्यास कमरेखालीं बधिर करून अगर संपूर्ण भूल देऊन निजवितात. भुलेंत स्नायू सैल झाले म्हणजे गुडघा पुनः एकदां हलवून पाहतात. मग वाटीखालीं दोन्ही अंगांस बोटाच्या पेराहून लहान छेद घेतात. एका छेदांतून पेन्सिलीहून बारीक दुर्बीण आंत जाते, आणि तिचें चित्र पडद्यावर दिसतें. दुसऱ्यांतून अवजारें जातात. प्रथम गाद्या पाहतात, आणि फाटलेली गादी शिवण्याजोगी असेल तर शिवतात. कारण गादी वांचविणें हें बंध घालण्याइतकेंच मोलाचें काम आहे. इकडे दुसऱ्या टेबलावर कंडरा स्वच्छ करून, घडी घालून, टोकें शिवून, ताणून ठेवतात, आणि अर्ध्या मिलिमीटरच्या फरकानें पाडलेल्या भोंकांतून ओढून तिची जाडी मोजतात.

यानंतर गुडघा सुमारें १२० अंशांपर्यंत वांकवून, आंतल्या अंगाच्या छेदांतून एक बारीक सळई मांडीच्या हाडावरील निवडलेल्या बिंदूंत घालतात. गुडघा इतका वांकविण्याचें कारण असें कीं, कमी वांकविल्यास बोगदा आखूड होतो आणि मागची भिंत फुटण्याचें भय असतें. बिंदु बरोबर आहे अशी खात्री झाल्यावरच कलमाच्या जाडीइतक्या गिरमिटानें त्या सळईवरून बोगदा पाडतात. मागें एक-दोन मिलिमीटर हाडाची भिंत शिल्लक ठेवावी लागते. ती फुटली, तर खुंटीस आधार राहत नाहीं. मग कोन मोजण्याचें अवजार लावून नडगीच्या आंतल्या पृष्ठावरून दुसरा बोगदा जुन्या ठशाच्या मध्यावर आणतात. बाहेरील गादीचें पुढचें टोंक ही त्या जागेची एक खूण होय.

शेवटीं सुईंत दोरा ओंवावा, तसें कलम खालून वर ओढून घेतात. मांडीच्या बाजूस बहुधा धातूचें लहानसें बटण हाडावर आडवें बसवून तें अडकवितात. मग खालचें टोंक ताणून धरून गुडघा पंधरा-वीस वेळां वांकवितात व सरळ करतात, म्हणजे कलमांतील ढिलाई निघून जाते. पाय सरळ होतो कीं नाहीं, कलम कोठें घासतें कीं काय, हें पाहून झाल्यावर नडगीच्या बोगद्यांत स्क्रू घट्ट बसवितात. या सर्व कामास साधारणतः एक ते दोन तास लागतात. यांतील पुष्कळसें काम हाताच्या सफाईचें. पण सळईचें टोंक हाडावर टेकवून निर्णय घेण्याचा क्षण हा बुद्धीचा व धीराचा असतो. चुकीच्या ठिकाणीं पडलेला बोगदा बुजवून दुसरा पाडणें फार कठीण असतें.

वाढत्या वयाचा प्रश्न

विद्यार्थ्यांच्या दृष्टीनें एक गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. पायाच्या लांबीची जवळजवळ दोन-तृतीयांश वाढ गुडघ्याच्या वरच्या व खालच्या बाजूस असलेल्या वाढीच्या थरांतून होते. हे थर मुलींमध्यें साधारण चौदाव्या व मुलांमध्यें साधारण सोळाव्या वर्षाच्या सुमारास मिटूं लागतात. ते उघडे असतांना जर त्यांतून मोठा, तिरपा बोगदा पडला, किंवा स्क्रू अथवा हाडाचा तुकडा त्यांच्या आडवा बसला, तर तेथें हाडाचा सेतु तयार होऊन एक पाय आखूड किंवा वांकडा होण्याचा धोका असतो. म्हणून लहान वयाच्या रोग्यांत केवळ मऊ कंडरेचें कलम घेतात, आणि बोगदे थरांस वगळून अथवा त्यांच्या मध्यांतून, लहान व शक्य तितके उभे पाडतात. अर्थात् प्रौढ माणसांत जी खुंटी उत्तम, तीच मुलांत जशीच्या तशी चालेल असें नाहीं. यासाठीं आधीं हाताच्या क्ष-किरण चित्रावरून हाडांचें वय पाहतात. पालकांनीं मुलाचें वय व त्याच्या उंचीची अलीकडील वाढ वैद्यास आवर्जून सांगावी.

कलम रुजण्याचा काळ

वर सांगितलें कीं, या कलमास देंठ नसतो. पहिल्या कांहीं आठवड्यांत त्यांतील पेशी मरतात, आणि केवळ तंतूंचा सांगाडा उरतो. मग भोंवतालच्या आवरणांतून सूक्ष्म रक्तवाहिन्या त्यांत शिरतात, नव्या पेशी वस्ती करतात, आणि कंडरेचें हळूहळू बंधांत रूपांतर होतें. या घडामोडींत, दुसऱ्या-तिसऱ्या महिन्याच्या सुमारास, कलम सर्वांत दुबळें असतें. आणि नेमका याच वेळीं रोगी म्हणतो, 'आतां मला कांहीं दुखत नाहीं.' आंब्याच्या कलमास पालवी फुटली म्हणून कोणी त्यावर झोंका बांधीत नाहीं. येथेंही तोच न्याय आहे.

नॉर्वे व अमेरिका या देशांतील रोग्यांवरून केलेलें एक संशोधन २०१६ सालीं प्रसिद्ध झालें. त्यांत असें दिसलें कीं, नऊ महिन्यांपर्यंत खेळांत परतणें जितकें लांबविलें, तितका दर महिन्यामागें पुनः इजा होण्याचा संभव सुमारें निम्म्यानें कमी होतो. खेळांत परतलेल्या पंचविशीच्या आंतील खेळाडूंपैकीं सुमारें पांचांतील एकास याच किंवा दुसऱ्या गुडघ्यास पुनः अशी इजा होते, हें लक्षांत घेतलें म्हणजे या महिन्यांची किंमत कळेल.

या बाबतींत दोन प्रसिद्ध खेळाडूंचीं उदाहरणें बोधप्रद आहेत; दोघांवरही शस्त्रक्रिया मुंबईस झाल्या. मल्ल विनेश फोगाट हिच्या डाव्या गुडघ्याचा पुढचा फुलीबंध ऑगस्ट २०२३ मध्यें तुटला आणि त्याच महिन्यांत शस्त्रक्रिया झाली. जवळजवळ वर्षभरानें, ऑगस्ट २०२४ मध्यें, तिनें पॅरिसच्या ऑलिंपिक स्पर्धेंत अंतिम फेरी गांठली. पुढें वजनाच्या कारणानें ती अपात्र ठरली, ही गोष्ट निराळी. क्रिकेटपटु ऋषभ पंत यास ३० डिसेंबर २०२२ रोजीं रुरकीजवळ मोटार-अपघात झाला, आणि त्याच्या उजव्या गुडघ्याचे अनेक बंध तुटले. ६ जानेवारी २०२३ रोजीं मुंबईंत डॉ. दिनशा पारडीवाला यांच्या देखरेखीखालीं त्यावर शस्त्रक्रिया झाली, आणि तो मार्च २०२४ मध्यें मैदानावर परतला. ज्यांच्या दिमतीस उत्तम वैद्य, व्यायामशिक्षक व साधनें होतीं, त्यांसही वर्ष-सवावर्ष थांबावें लागलें. मग आपल्या गांवच्या पोरानें चौथ्या महिन्यांत फडांत उतरावें काय, याचा विचार ज्याचा त्यानें करावा.

पालकांस दोन शब्द

बंध तुटला कीं शस्त्रक्रिया झालीच पाहिजे, असेंही नाहीं. स्वीडनमधील एका काळजीपूर्वक केलेल्या पाहणींत, ज्या तरुणांनीं आधीं केवळ व्यायामाचा उपचार घेतला, त्यांपैकीं सुमारें निम्म्यांस पांच वर्षांनंतरही शस्त्रक्रिया करावी लागली नव्हती. ज्यास वळण्या-उड्या मारण्याचे खेळ सोडून साधें जीवन जगावयाचें आहे, आणि ज्याचा गुडघा सुटत नाहीं, त्यास मांडीचे स्नायु बळकट करून निभावतां येतें. परंतु ज्याचा गुडघा वारंवार सुटतो, ज्याची गादी फाटलेली आहे, किंवा ज्यास मैदानावर परतावयाचें आहे, त्यानें उशीर करूं नये.

पूर्वीं अशा कामासाठीं हैदराबाद, पुणें किंवा मुंबई गांठावी लागे. नांदेड येथें १९८८ सालीं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघालें, लातूर येथें २००२ सालीं निघालें. आतां तपासणी व सल्ल्यासाठीं दूर जाण्याची गरज उरलेली नाहीं. वैद्यास नम्रपणें चार प्रश्न विचारावे. गाद्यांची स्थिति कशी आहे? कलम कोठून घेणार, आणि त्याचा माझ्या मुलाच्या खेळावर काय परिणाम होईल? वाढीचे थर मिटले आहेत काय? आणि शस्त्रक्रियेनंतरचा व्यायाम कोण, किती महिने करवून घेणार? चांगल्या वैद्यास अशा प्रश्नांचा राग येत नाहीं.

विद्यार्थ्यांस सांगणें हें कीं, इजा टाळणें तुमच्याही हातीं आहे. खेळापूर्वीं पंधरा-वीस मिनिटें नियमानें अंग गरम करणें, एका पायावर तोल सांभाळणें, उडी मारून उतरतांना गुडघे वांकवून व पावलांच्या रेषेंत ठेवून उतरणें, मांडीच्या पुढच्या व मागच्या स्नायूंस सारखेंच बळ आणणें, एवढ्या साध्या उपायांनीं या इजा जवळजवळ निम्म्यानें कमी होतात, असें अनेक ठिकाणीं सिद्ध झालें आहे. त्यास पैसा लागत नाहीं. नेम मात्र लागतो.

सारांश, या शस्त्रक्रियेंत दोराचें बळ तर हवेंच. पण त्या बळाचें सार्थक योग्य जागीं मारलेल्या खुंटीनें, आणि ती खुंटी पक्की होईपर्यंत राखलेल्या धीरानें होतें. खुंटीची जागा शोधणें हें वैद्याचें काम आहे. धीर राखणें हें रोग्याचें व त्याच्या घरच्यांचें. या दोहोंपैकीं एकही उणें पडलें, तर दुसऱ्याचे श्रम व्यर्थ जातात.